घनफूट, मेणबत्ती आणि थर्म

१८३४ साली मुंबईत माझगावच्या एका बंगल्यात आणि त्याच्या बागेत वेगळाच उजेड पडला. तो तेलाचा नव्हता, मेणाचाही नव्हता. नळीतून येणाऱ्या वायूचा होता. बंगला होता अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा. जहाजं बांधणाऱ्या घराण्यातला हा पंचविशीतला तरुण पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचा पहिला भारतीय फेलो झाला. मुंबईच्या रस्त्यांवर तेलाचे दिवेही नीट लागत नव्हते, त्या काळात त्यांनी गॅसच्या दिव्यांनी घर उजळून दाखवलं. त्या रात्री गॅस किती जळला, याचं माप कुणाला हवं होतं? घरच्या विहिरीचं पाणी कुणी मापून पीत नाही. गॅस मोजायची वेळ येते ती तो दुसऱ्याला विकायची वेळ आल्यावर.

आणि तिथेच घोडं अडतं. दूध शेरानं घालता येतं, कापड वारानं मोजता येतं, धान्याची पायली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर भरता येते. गॅस दिसत नाही, मुठीत येत नाही, तराजूत घातला तर उडून जातो. तापला की फुगतो, दाबला की आक्रसतो. शिवाय विकत घेणाऱ्याला गॅस म्हणून गॅस नकोच असतो. त्याला उजेड हवा असतो, नाहीतर चुलीवर आधण यायला हवं असतं. मग पैसे कशाचे लावायचे? या एका प्रश्नाचं उत्तर गेल्या दोनशे वर्षांत निदान पाच वेळा बदललं, आणि प्रत्येक जुन्या उत्तराचा काही ना काही अवशेष आजच्या गॅसच्या बिलात, पंपावरच्या पाटीवर आणि वर्तमानपत्रातल्या दराच्या बातमीत शिल्लक आहे.

पहिलं उत्तर होतं वेळ. कॉर्नवॉलमधल्या रेडरुथ गावात विल्यम मर्डॉकनं १७९२ मध्ये दगडी कोळसा बंद भांड्यात तापवून निघालेल्या वायूवर आपलं घर उजळलं. १८०७ मध्ये लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर असे दिवे लागले, आणि १८१२ मध्ये ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ला सनद मिळाली. रस्त्याखालून नळ टाकून घरोघरी गॅस विकणारी ही पहिली मोठी कंपनी. नळ होते, भट्ट्या होत्या, गिऱ्हाईक होतं. मोजायचं साधन मात्र नव्हतं. म्हणून करार व्हायचा तो बर्नरवर आणि घड्याळावर: अमुक जातीचा एक बर्नर, रात्री आठपर्यंत, नऊपर्यंत किंवा दहापर्यंत, वर्षाचे इतके पैसे. ठरलेल्या वेळेनंतर कुणाच्या खिडकीत उजेड आहे, हे पाहायला कंपनीची माणसं रस्त्यानं फिरत. दुकानदारानं ज्योत बोटभर मोठी ठेवली तर कंपनीचं नुकसान. नळातला दाब उतरून ज्योत मिणमिणली तर दुकानदाराचं. दोघांनाही आपण लुटले जातोय असं वाटायचं, आणि दोघांचंही खोटं नव्हतं.

त्याच कंपनीचा अभियंता सॅम्युअल क्लेग यानं १८१५ मध्ये गॅसच्या मीटरचं पेटंट घेतलं. कल्पना अशी की एक आडवं पिंप निम्म्याहून थोडं अधिक पाण्यात बुडवलेलं असावं आणि त्याच्या पोटात कप्पे असावेत. एका कप्प्यात गॅस शिरला की तो कप्पा पाण्यातून वर उचलला जातो, पिंप थोडं फिरतं, पुढचा कप्पा तोंड पुढे करतो, आणि भरलेला कप्पा पलीकडे पाण्यात शिरताना आपला गॅस दिव्याकडे ढकलून देतो. पाणचक्कीसारखंच, फक्त इथे फिरवणारा गॅस आणि पाणी नुसतं बूच. पिंपाच्या एका फेऱ्यात किती गॅस जातो हे एकदा ठरवलं की उरतं फेरे मोजणं. जॉन मॅलम आणि सॅम्युअल क्रॉस्ली यांनी हे यंत्र सुधारलं आणि ते घरात बसवण्याजोगं झालं.

पण पाण्यावर चालणारं माप पाण्याच्या लहरीवरही चालतं. मीटरमधलं पाणी वाढलं की कप्प्यातली जागा कमी होते. तेवढ्याच गॅसला पिंप जास्त फिरतं आणि गिऱ्हाइकाला भुर्दंड बसतो. पाणी आटलं की उलट. मीटर किंचित कलता ठेवला तरी हिशेब बदलायचा, आणि ही युक्ती लोकांना फार लवकर कळली. लंडनच्या हिवाळ्यात तर पाणी गोठायचं आणि घरभर अंधार व्हायचा. म्हणून १८४० च्या दशकात कोरडा मीटर आला. त्यात चामड्याच्या पडद्याचे भाते असत. एक भाता भरताना दुसरा रिकामा होतो, दोन्ही मिळून एक दांडी हलवतात, दांडी दातेरी चाकं फिरवते आणि चाकं आकडे. लोहाराच्या भात्याचं नातं इतकं जवळचं आहे की तुलना करायची गरजही नाही; ते भातेच आहेत.

आज मुंबई-पुण्यात स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा बाहेर सज्जात जो करड्या रंगाचा मीटर दिसतो, तो याच कोरड्या मीटरचा वंशज. चामड्याच्या जागी कृत्रिम रबराचा पडदा आला आणि पितळेच्या जागी प्लास्टिकची चाकं, पण चाल तीच. कुकर चढवलेला असताना मीटरजवळ उभं राहिलं तर शेवटचं लाल चौकटीतलं चाक संथपणे सरकताना दिसतं. आतला भाता एक घास घेऊन पुढे देत असतो. त्या भात्याला एवढंच कळतं की घास केवढा होता. घासात काय होतं, ते त्याला कळत नाही. ही गोष्ट इथेच लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा इतिहास याच उणिवेभोवती फिरतो.

मीटर आले, पण कुणाचा घनफूट खरा? प्रत्येक कारखानदाराचं माप थोडं वेगळं होतं. शेवटी ब्रिटिश संसदेनं १८५९ मध्ये गॅसविक्रीचा कायदा केला आणि घनफुटाची व्याख्या वायूनं नव्हे, पाण्यानं केली: ६२ अंश फॅरनहाइट तापमानाला, वायुभारमापक ३० इंचांवर असताना, ज्या जागेत ६२.३२१ पौंड शुद्ध पाणी मावतं ती जागा म्हणजे गॅसचा एक घनफूट. आपल्या मापात साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर. हाती न येणाऱ्या वस्तूचं माप ठरवण्यासाठी वजन करता येणारी वस्तू घ्यायची, ही युक्ती सुरेख आहे. त्याच कायद्यात मीटर तपासून त्यावर शिक्का मारायची सक्ती आली. गॅस विकणाऱ्याच्या बाजूनं मीटर शेकडा दोनपेक्षा जास्त चुकता कामा नये. घेणाऱ्याच्या बाजूनं शेकडा तीनपर्यंत चुकला तरी चालेल. हा एका टक्क्याचा फरक मुद्दाम ठेवलेला होता. माप करणारा बलवान आणि माल घेणारा दुबळा असतो, हे कायदा लिहिणाऱ्यांना नीट माहीत होतं.

तरी भांडण मिटलं नाही. घनफूट भरून मिळाला, पण त्यातला गॅस पाणचट निघाला तर? चांगल्या कोळशाचा गॅस पिवळाधमक उजेड द्यायचा, हलक्या कोळशाचा किंवा जास्त ताणून काढलेला गॅस निळसर, मंद जळायचा. दोन्हींचा भाव घनफुटाला सारखाच. म्हणजे दूधवाल्यानं माप चोख द्यायचं आणि पाणी आधीच घालून ठेवायचं, तसं झालं.

वेळ आणि घनफूट यांच्यानंतर म्हणून तिसरं उत्तर आलं, आणि ते होतं चक्क मेणबत्ती. स्पर्म व्हेल जातीच्या देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची ही मेणबत्ती. एका पौंडात सहा बसतील एवढी जाड आणि तासाला १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास मेण जाळणारी. १८६० च्या लंडनच्या गॅस कायद्यानं तिला प्रमाण ठरवलं. काळ्या रंगानं रंगवलेल्या खोलीत एका टोकाला ही मेणबत्ती आणि दुसऱ्या टोकाला तासाला ५ घनफूट गॅस खाणारा बर्नर ठेवायचा. मधला पडदा मागेपुढे सरकवत दोन्ही बाजू सारख्या उजळल्या की थांबायचं, अंतरं मोजायची आणि गॅस किती मेणबत्त्यांचा आहे ते सांगायचं. १८६८ पासून लंडन शहराच्या कंपन्यांना १६ मेणबत्त्यांचा गॅस देणं भाग पडलं, आणि त्यावर लक्ष ठेवायला ‘गॅस रेफरी’ नेमले गेले. आज हे सगळं बाळबोध वाटेल. पण गॅसच्या सबंध इतिहासात गिऱ्हाइकाला जे हवं होतं तेच थेट मोजण्याचा हा पहिला प्रामाणिक प्रयत्न होता. लोक उजेड विकत घेत होते, तर उजेडच मोजला.

मुंबईत गॅसचे दिवे आले ते याच मेणबत्तीच्या काळात. कापसाच्या तेजीनं शहर फुगलं होतं, किल्ल्याचे तट पाडले जात होते, आणि ऑक्टोबर १८६५ मध्ये एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार या भागांत गॅसचे दिवे लागले. दिवे लावणारा खांबाखांबावरून पुढे जात होता आणि लोकांची गर्दी अचंब्यानं त्याच्या मागे चालत होती, असं जुन्या मुंबईच्या इतिहासकारांनी नोंदवलं आहे. बॉम्बे गॅस कंपनीचा कारखाना लालबाग-परळच्या बाजूला होता. तिथे कोळसा भाजायचा, गॅस काढायचा, मागे उरलेला कोक आणि डांबर विकायचं, हा उद्योग शंभराहून अधिक वर्षं चालला. कारखाना गेला, गिरण्याही गेल्या, तरी लालबागमध्ये ‘गॅस कंपनी’ हा पत्ता अजून सांगितला जातो. नव्या पिढीतल्या पुष्कळांना वाटतं, की तिथे कधीतरी सिलिंडरचं गोदाम असेल.

मेणबत्तीचं माप मोडीत काढलं ते एका ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञानं. कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं १८८५ मध्ये गॅसच्या ज्योतीवर बसवायच्या जाळीचं पेटंट घेतलं, आणि १८९१ च्या सुमारास तिचा रामबाण मसाला शोधला: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड, १ टक्का सिरियम ऑक्साइड. या धातूंच्या क्षारांच्या द्रावणात बुडवलेलं सुती विणकाम एकदा जाळलं की राखेची नाजूक जाळी उरते, आणि निळ्या ज्योतीत ती पांढरीशुभ्र तळपते.

महाराष्ट्राला ही जाळी चांगली ओळखीची आहे. आपण तिला ‘मेंटल’ म्हणतो. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतलेली, तमाशाच्या फडात बांबूला टांगलेली, गणपतीच्या मिरवणुकीत सूं सूं आवाज करणारी ‘गॅसबत्ती’ म्हणजे हीच जाळी. तिच्यात गॅस कंपनीचा गॅस कधीच नव्हता. खाली रॉकेल आणि पंप मारून भरलेली हवा होती. पण तापलेल्या रॉकेलची वाफ जाळीत जळायची आणि उजेड गॅसच्या दिव्यासारखा पडायचा, म्हणून नाव गॅसबत्ती पडलं. फुंकर लागली तरी तुटेल अशा त्या राखेच्या जाळीनं खेड्यापाड्यांतल्या कितीतरी रात्री उजळल्या.

मुद्दा मापाचा. जाळी आल्यावर ज्योत स्वतः उजळ असायची गरज संपली. तिला फक्त जाळी तापवायची होती. त्याच सुमारास विजेचे दिवे आले, गॅस दिव्याकडून चुलीकडे वळला, अंघोळीचं पाणी तापवू लागला. कंपन्या मात्र कायद्यानं बांधलेल्या, म्हणून गॅस मेणबत्तीच्या कसोटीला उतरावा यासाठी त्यात महागडं तेल मिसळत राहिल्या. उजेड कुणालाच नको होता आणि पैसे उजेडाचे चालले होते.

चौथ्या उत्तरासाठी लागणारं विज्ञान मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये, बिअर बनवणाऱ्या एका घरात तयार झालेलं होतं. जेम्स जूल हा तिथला मुलगा. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते पाहायचं, असा प्रयोग त्यानं अतोनात चिकाटीनं केला. १८५० मध्ये त्यानं आकडा दिला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटनं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या शक्तीत ७७२ पौंडांचं वजन एक फूट उचलता येईल. हीच उष्णता म्हणजे ब्रिटिश थर्मल युनिट, बीटीयू. आजच्या मापात सुमारे १,०५५ जूल. काडेपेटीतली एक काडी पूर्ण जळली की साधारण एवढीच उष्णता निघते.

गॅसमधली उष्णता मोजायचं यंत्र चार्ल्स व्हर्नन बॉइज यानं १९०६ च्या सुमारास नीटसं बसवलं. हा माणूस विलक्षण होता. वितळलेल्या क्वार्ट्‌झचा थेंब बाणाला चिकटवून तो धनुष्यातून सोडायचा आणि त्यातून केसाहून बारीक तंतू ओढायचा. त्याच तंतूंवर त्यानं पुढे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला. साबणाच्या फुग्यांवर मुलांसमोर दिलेली त्याची व्याख्यानंही गाजली होती. लंडनच्या गॅस रेफरींमध्ये तो होता. त्याच्या उष्मांकमापकात खाली गॅसची लहानशी ज्योत एकसारखी जळते, सभोवतीच्या नळ्यांतून पाणी एकसारखं वाहतं, आत जाणाऱ्या पाण्यात एक थर्मामीटर आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात दुसरा. पाणी किती वाहिलं, किती अंशांनी तापलं आणि त्या वेळात गॅस किती जळला, या तीन आकड्यांवरून घनफुटाला किती बीटीयू ते निघतं. यंत्राच्या तळाला एक छोटी तोटी असते. तिच्यातून थेंब थेंब पाणी पडतं. ते नळातलं नव्हे. गॅस जळून तयार झालेली वाफ थंड होऊन झालेलं.

त्या थेंबांकडे नीट पाहायला हवं. वाफेचं पाणी होताना तीही आपली उष्णता सोडते. यंत्रात ती मोजली जाते. घरच्या शेगडीवर मात्र वाफ खिडकीतून निघून जाते आणि तिची उष्णता पातेल्याला मिळत नाही. म्हणून एकाच गॅसचे दोन उष्मांक सांगतात: वाफेची उष्णता धरून स्थूल, ती वगळून निव्वळ. नैसर्गिक वायूत या दोहोंत जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो. थेंबाथेंबानं पडणारे हे दहा टक्के पुढे दिल्लीतल्या दरपत्रकापर्यंत येऊन पोहोचले. ती गोष्ट पुढे येईलच.

१९२० मध्ये ब्रिटननं गॅस नियमनाचा नवा कायदा केला आणि मेणबत्ती रद्द झाली. गॅस आता ‘थर्म’वर विकायचा, एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू. कंपनीनं आपला गॅस घनफुटाला किती बीटीयूचा आहे ते जाहीर करायचं आणि त्यावर तपासणी व्हायची. समजा जाहीर केलेला आकडा ५०० आहे, तर २०० घनफुटांचा एक थर्म. मीटर घनफुटांचाच राहिला, बिल थर्मचं झालं. गृहिणीला भिंतीवर एक आकडा दिसायचा आणि कागदावर दुसरा, आणि दोहोंमधला गुणाकार कंपनी करायची. आजही गॅसच्या हिशेबाची घडण हीच आहे. ब्रिटनमध्ये तर १९९० च्या दशकात थर्म जाऊन बिलावर विजेसारखे किलोवॉट-तास आले, तरी भिंतीवरचा भाता अजून घनफळच मोजतो.

या गुणाकाराची किंमत काय असते, ते उत्तर समुद्रात १९६५ मध्ये नैसर्गिक वायू सापडल्यावर दिसलं. कोळशाच्या गॅसपेक्षा त्यात घनफुटाला जवळजवळ दुप्पट उष्णता होती आणि त्याची ज्योतही संथ होती. जुन्या बर्नरमध्ये तो सोडला तर ज्योत उडी मारून विझायची. म्हणून १९६७ ते १९७७ अशी दहा वर्षं कारागीर घरोघर गेले आणि सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांच्या शेगड्या, गीझर आणि हीटर यांचे बर्नर बदलून आले. गुणाकारातला आकडा बदलणं हे कागदावरचं काम वाटतं. इथे त्यासाठी अख्ख्या देशाचं स्वयंपाकघर उघडावं लागलं.

भारताच्या वाट्याला हा वायू मुंबईच्याच समोर आला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगनं बॉम्बे हायला तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, आणि वसईजवळच्या समुद्रात मोठं वायुक्षेत्र सापडलं. समुद्राखालून नळ उरणला आले. तेलाबरोबर येणारा वायू वापरायची सोय नव्हती तेव्हा तो समुद्रातच जाळला जायचा. पुढे उरणचं वीजकेंद्र, थळचा खत कारखाना, तुर्भ्याचं वीजकेंद्र यांनी तो घेतला. १९८४ मध्ये गॅस अथॉरिटी म्हणजे ‘गेल’ स्थापन झाली आणि हाजिराहून उत्तरेकडे लांबलचक वाहिनी गेली. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी निघाली आणि मुंबईच्या चाळी-इमारतींत पिवळे पाइप चढू लागले. लालबागच्या कोळशाच्या गॅसनं सुरू झालेली वाट अशी समुद्रातल्या वायूपाशी येऊन पुन्हा त्याच शहरात वळली.

आपल्याकडे सरकारी वायूचा दर बराच काळ हजार घनमीटरला इतके रुपये असा असे. पण त्यातही एक अट दडलेली होती: हा दर घनमीटरला १०,००० किलोकॅलरी उष्मांकाच्या वायूचा, वायू त्याहून हलका किंवा भारी असेल तर दर त्या प्रमाणात. म्हणजे नावाला घनमीटर आणि पोटात उष्णता. पुढे जगाच्या बाजाराशी जुळवून घेताना दर डॉलरमध्ये आणि एमएमबीटीयूला सांगायला सुरुवात झाली. यातला एम हा रोमन आकडा, म्हणजे हजार. एमएम म्हणजे हजार गुणिले हजार, दहा लाख. दहा लाख बीटीयू, म्हणजे दहा लाख काड्यांची आग.

आता ते दहा टक्के. नोव्हेंबर २०१४ पासून देशी वायूचा नवा दर लागू झाला. बातम्यांत आकडे दोन आले: ५.६१ डॉलर आणि ५.०५ डॉलर. दर एकच होता. पहिला निव्वळ उष्मांकावरचा, दुसरा स्थूल उष्मांकावरचा. आधीचा दर ४.२ डॉलर होता, तोही निव्वळ उष्मांकावर. त्याची तुलना ५.०५ शी केली तर वाढ वीस टक्के दिसते; ५.६१ शी केली तर साडेतेहतीस टक्के. बॉइजच्या यंत्राच्या तळाशी गळणारं पाणी धरायचं की सोडायचं, एवढाच प्रश्न, आणि त्यावर खत कारखान्यांचे, वीजकेंद्रांचे आणि सरकारी अनुदानाचे कोट्यवधी रुपये हलतात. वाचणाऱ्याला ‘स्थूल’ आणि ‘निव्वळ’ हे शब्द कुणीतरी समजावून सांगायला हवे होते. नागरिकाला कळू नयेत इतके ते अवघड मुळीच नाहीत. एप्रिल २०२३ पासून जुन्या क्षेत्रांच्या वायूचा दर भारतीय कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के ठरला, किमान ४ आणि सुरुवातीला कमाल ६.५ डॉलर, तो स्थूल उष्मांकावर आहे.

एमएमबीटीयू घरात आणला तर तो मुळीच परका राहत नाही. १४.२ किलोच्या एका सिलिंडरात जेवढी उष्णता असते तिच्या दीडपट म्हणजे साधारण एक एमएमबीटीयू. पाइपच्या गॅसमध्ये मोजला तर २७ घनमीटरच्या आसपास. विजेच्या भाषेत २९३ युनिट. यावरून आणखी एक हिशेब सुटतो: पाइपच्या गॅसचा एक घनमीटर म्हणजे साधारण दहा-अकरा युनिट विजेएवढी उष्णता, आणि एक सिलिंडर म्हणजे अठरा-एकोणीस घनमीटर. सिलिंडर सोडून पाइप घेणाऱ्या घरानं हे दोन आकडे दाराच्या मागे लिहून ठेवावेत; खर्च वाढला की कमी झाला ते दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.

गोबरगॅस वापरणाऱ्या शेतकऱ्याला हा धडा आधीच मिळालेला असतो. दोन घनमीटरचा प्लँट, असं तो सहज बोलतो. पण त्या वायूत मिथेन पंचावन्न-साठ टक्केच, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. त्याचा घनमीटर आणि पाइपच्या गॅसचा घनमीटर दिसायला सारखे, पण आधण यायला वेळ वेगवेगळा.

पाइपच्या गॅसच्या बिलावरचा ‘एससीएम’ म्हणजे स्टँडर्ड क्युबिक मीटर, प्रमाण घनमीटर: १५ अंश सेल्सिअसला आणि एका वायुमंडलाच्या दाबाला जेवढा वायू एक घनमीटर जागा व्यापतो तेवढा. हे १५ अंश युरोपच्या हवेतले. मुंबईत तो आकडा बहुधा एखाद्या जानेवारीच्या पहाटेच दिसतो. घरगुती गॅस शेगडीला साधारण २१ मिलिबार जादा दाबानं येतो. पारा ३० अंशांवर असताना समुद्रकाठच्या मुंबईत मीटरनं १०० घनमीटर दाखवले, तर त्यात प्रमाण घनमीटर भरतात साधारण ९७. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. तिथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे त्याच ३० अंशांना तोच मीटर तेवढाच फिरला तर आत वायू भरतो साधारण ९१ प्रमाण घनमीटर. भाता दोन्हीकडे तेवढाच घास घेतो. पुण्याचा घास थोडा विरळ असतो. १८५९ च्या कायद्यात तापमान आणि वायुभार लिहून ठेवणाऱ्यांना नेमकी हीच काळजी होती.

सीएनजीच्या पंपावर मात्र घनमीटर दिसतच नाही, किलो दिसतो. गाडीच्या टाकीत वायू सुमारे २०० बार दाबानं भरतात. भरताना तो तापतो, नंतर निवतो, दाब सारखा हलतो. अशा वेळी जागा मोजून उपयोग नाही. म्हणून तिथे वस्तुमान मोजतात. पंपाच्या पोटात वाकवलेल्या नळ्या सतत थरथरत असतात. आतून वायू वाहू लागला की त्यांच्या थरथरीत अगदी सूक्ष्म पीळ पडतो, आणि त्या पिळावरून किती ग्रॅम वायू गेला ते कळतं. तराजूत न बसणारा वायू असा वाहता वाहता तोलला जाऊ लागला. एका किलोत साधारण १.३ ते १.४ प्रमाण घनमीटर.

आणि उष्मांक? बॉइजची ज्योत आता क्वचितच कुठे जळते. शहराच्या वेशीवर, मोठ्या वाहिनीतून गॅस उतरवून घेतात त्या केंद्रात, एक यंत्र ठरावीक वेळानं वायूचा चिमूटभर नमुना ओढून घेतं, बारीक नळीतून सोडतं आणि त्यातला मिथेन, इथेन, प्रोपेन, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड वेगवेगळा करून मोजतं. प्रत्येकाचा उष्मांक माहीत असतो. बेरीज केली की त्या दिवसाच्या गॅसचा उष्मांक निघतो. दाभोळ किंवा दहेजला जहाजातून उतरलेला, उणे १६२ अंशांना द्रव करून आणलेला परदेशी वायू त्यात मिसळलेला असेल तर आकडा थोडा हलतो. तिथून गॅस पिवळ्या पाइपानं इमारतीत चढतो, करड्या मीटरमधला भाता एक घास घेतो, लाल चौकटीतलं चाक सरकतं, आणि कुकरची पहिली शिट्टी होते.